तेच अकरा किडे

माधवनगर,
सोमवार, दुपार

प्रिय नाथाजी,

माधवनगरहून भूपालचा जय जिनेंद्र घे, आणि तेवढ्यानं भागत नसलं तर वरनं एक रामरामही घे. पाकिटावर ‘सुभेदार (निवृत्त) नाथाजी पार्टे, मेढा’ असं रीतसर लिहिलंय, कारण पोस्टमनसमोर तुझी अब्रू राहिली पाहिजे. आत मात्र साहेब वगैरे लिहायला पेन धजत नाही. सांगलीच्या वसतिगृहात तीन वर्षं ज्यानं माझा टॉवेल वापरला आणि एकदाही वाळत घातला नाही, त्याला साहेब कुठल्या तोंडानं म्हणू? असो. चंद्रावहिनींचा मुरगळलेला पाय आता जमिनीला टेकतो का? तुझी साखर किती आहे ते विचारत नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस. आम्ही दोघं धडधाकट आहोत. गुणमालाचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, पण ती स्वतः त्यांच्यापेक्षा जास्त बोलते, त्यामुळं ऐकू येत नाहीत.

गेल्या महिन्यात तू फोनवर मला एक सल्ला दिलास (त्याचा समाचार पुढं घेतोच), त्यानंतर मी फोन केला नाही म्हणून रागावू नको. मेढ्याला रेंज येते तेव्हा तू रानात असतोस, आणि तू घरात असतोस तेव्हा तुझा डावा कान अजून तोफखान्यात असतो. शिवाय आमचा फोन रोज चार वाजता मोकळा लागतो, चार्ज करून, काच पुसून. तुझ्याशी बोलायला बसलं की चार कधी वाजले ते कळत नाही, म्हणून हे पत्र. चार वाजता पारसचा फोन येतो. म्हणजे यायचा. तीन दिवस आलेला नाही, काम असेल त्याला.

आमचे चिरंजीव गेल्या जूनमध्ये नेदरलँडला गेले हे तुला माहीत आहे. मी त्याला आपल्या कापडाच्या पेढीवर बसवायला बघत होतो, तर तो समुद्राला बांध घालणाऱ्या कंपनीत जाऊन बसला. निघताना सांगली स्टँडवर मी त्याला म्हणालो, जा बाबा, तुझ्यावाचून इथं कुणाचं काही अडत नाही. (हे वाक्य मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवलं होतं. वापरलं नसतं तर बरं झालं असतं.) त्यावर तो एवढंच म्हणाला की टाकीकडं तेवढं बघा. नंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेता का, आईला द्या. तीन मिनिटं. माझ्या वाट्याला त्यातलं दीड.

टाकी म्हणजे खाऱ्या पाण्याची. गोड्या पाण्यात मासे पाळणं ही सज्जन माणसाची हौस, आणि कृष्णेच्या काठी राहणाऱ्याला पाण्याला काय तोटा? पण आमच्या पोराला समुद्रच पाहिजे, आणि समुद्र इथनं पावणेदोनशे किलोमीटर. मग शुद्ध केलेल्या पाण्यात खास मीठ ढवळून दिवाणखान्यात समुद्र तयार करायचा, त्याचा खारटपणा मोजायचा, पंप लावून लाटा काढायच्या. त्यात दोन भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, एक दिवसभर शेवाळ खरवडणारा मठ्ठ चेहऱ्याचा मासा, आणि प्रवाळ. प्रवाळ म्हणजे पोवळं, ते अंगठीत घालतात, एवढंच माझं ज्ञान. इथं ते शाळूच्या रानासारखं डोलतं. आणि हे सगळं ज्यावर बसलंय त्याला म्हणे जिवंत दगड म्हणतात. मी म्हटलं, दगड कुठं जिवंत असतो का? तर पारसच्या आधी गुणमालाच मला म्हणाली की शास्त्रात पृथ्वीकायिक, म्हणजे मातीदगडाचेच, जीव सांगितलेत, तुम्ही प्रवचनात झोपता म्हणून तुम्हाला नवल वाटतं. आमच्या घरात धर्म आणि विज्ञान यांचं एकमत झालं की ते माझ्या विरुद्धच होतं.

तर पारस गेल्यावर टाकीचा कारभार नावाला माझ्याकडं आला, पण मुदपाकखाना आपोआप गुणमालाकडं गेला. माशांच्या खाण्यासाठीही कोळंबीनं या घराचा उंबरा ओलांडणं शक्य नव्हतं, म्हणून पारसनं चार वर्षं धडपडून शेवाळाच्या गोळ्यांवर जगणारे मासे जमवले होते, आणि रोज एक चिमूट घालायची असा कागद टाकीवर चिकटवून ठेवला होता. पण तुला माहीत आहे, आमच्यात दिवस मावळल्यावर जेवण नाही. आता माणूस ते समजून उमजून करतो, मुक्या जिवांनी रात्रभर उपाशी कसं राहायचं, या विचारानं गुणमालाचा जीव तुटायला लागला. मग ती सूर्यास्ताच्या आत त्यांना उद्या सकाळपर्यंतचं वाढायला लागली. चिमटीची मूठ झाली. मासे बिचारे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं जायचं दगडाच्या फटीत, आणि फटीत कोण राहतं हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ते पहिल्यांदा दिसलं भामाबाईंना. धुणंभांडी झाल्यावर त्या टाकीची काच पुसतात. एक दिवस फडकं तिथंच टाकून माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, “आवं मालक, तुमच्या दगडात गोम हाय.” जाऊन बघतो तर बोटभर लांबीचा, तांबूस, दोन्ही अंगांना पांढऱ्या कुसळांची झालर लावलेला एक किडा अर्धा बाहेर येऊन वाळू चाचपत होता. मी बघतोय म्हटल्यावर सरकन आत गेला. त्या दिवसापासून भामाबाईंनी टाकीची ती बाजू पुसायची सोडली आहे. मग शेजारचे उदयसिंह आले. त्यांचं खताचं दुकान आणि आठ एकर ऊस, त्यामुळं त्यांनी चष्माही न लावता सांगितलं की उसाची मुळं खाणारी हुमणी आहे, औषध ओतून आळवणी करा. (त्यांना सगळीकडं हुमणीच दिसते. थोरल्या जावयाबद्दलही त्यांचं हेच निदान होतं.) आणि तिसरे तज्ज्ञ म्हणजे तू. आसामातल्या जंगलात बुटात शिरलेल्या जळवांची गोष्ट सांगून तू छातीठोकपणे म्हणालास, मीठ टाक गड्या, दोन मिनटात गळून पडतंय. नाथाजी, ते मिठातच राहतंय रं. पण तू हुकूम सोडल्यासारखं बोललास त्यामुळं मी मिठाचा डबा घेऊन टाकीपर्यंत गेलो होतो, हे कबूल करतो. शिवाय मारणं आमच्यात बसत नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत राहून तू हे विसरला असशील.

शेवटी फोटो काढून पारसला पाठवला. पाच मिनिटांत फोन. बुधवारी! या घरात पारसचा फोन बुधवारी आला म्हणून गुणमालानं आधी हात जोडले आणि मग उचलला. तो म्हणाला की अशा किड्यांच्या दोन जाती असतात. एक गरीब, उरलंसुरलं खाऊन राहणारी. दुसरी वाईट, ती प्रवाळ कुरतडून टाकी खलास करते. आपला कुठला ते नीट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि वाईट निघाला तर टाकी मिरजेच्या त्याच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकावी लागेल. खरं तर मी दहा महिने हेच मागत होतो. कोपरा मोकळा झाला असता, तिथं माझी आरामखुर्ची बसते. मी त्याला तसं म्हणालोसुद्धा. तो म्हणाला, आधी बघू तरी, उद्या चारला फोन करतो.

आणि तो रोज चारला फोन करायला लागला. तिकडं तेव्हा त्याची जेवणाची सुट्टी असते. मी टाकीसमोर पाटावर बसायचो, गुणमाला फोन धरायची, आणि पारस तिकडनं विचारायचा, बाबा, डोक्यावर मिशा किती दिसतात? तीन की पाच? रंग पाठीवर गडद आहे का? कुसळं गुच्छात आहेत की सुटी? मी पेढीवरचं सूत मोजायचं भिंग काढलं. इंचात किती धागे हे ज्या भिंगानं चाळीस वर्षं मोजलं, त्यातनं मी किड्याच्या मिशा मोजत होतो. पहिले चार दिवस नुसता किडा. मग हळूहळू किड्याच्या आजूबाजूचं बोलणं निघायला लागलं. तो दुपारी थंड पाव खातो हे मला असं कळलं. एकदा त्यानं खिडकीतनं कालवा दाखवला, बोटीत एक बाई कुत्र्याला छत्री धरून बसली होती. एकदा आमटीला फोडणीत आधी काय घालायचं ते विचारलं, आणि मी ते सांगितलं. (गुणमालाला विचारून सांगितलं, पण सांगितलं मी.) एकदा तर चक्क म्हणाला, पेढीवर सध्या गर्दी असते का बाबा? नाथाजी, एकतीस वर्षांत मी आणि माझा मुलगा सलग तीन मिनिटांच्या वर बोललो नव्हतो. आता चाळीस-चाळीस मिनिटं. मला लय बरं वाटायचं, तुला म्हणून सांगतो. टाकी जाऊ नये असं वाटायला लागलं, तेही तुलाच सांगतो. एकच गोष्ट खटकायची. चार वर्षं टाकी पाळलेला पोरगा, इंजिनीयर, आणि साधा एक किडा ओळखायला त्याला इतके दिवस लागावेत? आज नीट दिसला नाही, उद्या परत बघू, हे रोजचं. म्हटलं शिक्षणाचा दर्जाच घसरलाय.

त्याचं काही ठरेना, म्हणून मी ठरवलं की तोवर किडे पकडून तरी ठेवू, म्हणजे प्रवाळ वाचेल. पेढीवरच्या मलमलीची पिशवी शिवली, आत शेवाळाची गोळी ठेवली, आणि ती दगडाच्या फटीला लावून दिली. सकाळी आत अकरा किडे. आनंदाच्या भरात एकाला हातानं धरलं. उसाचा पाला उघड्या हातानं काढलेला आठवतो? तसली कुसळं, आणि दहा बोटांपैकी सहात. भामाबाईंनी चिकटपट्टी लावून लावून ती उपटली, आणि इतक्या मनापासून उपटली की मागची काही थकलेली बाकी वसूल झाली असावी. नंतर मी ते अकरा जण लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकीतल्याच पाण्यात घातले आणि गुणमालाला म्हणालो की कुणी कोकणात जाईपर्यंत ही बरणी नीट ठेव, समुद्रात सोडू, जीवही वाचेल आणि टाकीही वाचेल. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी पिशवीत पुन्हा अकरा. तिसऱ्या दिवशी अकरा. रोज सकाळी मी बरणी भरून द्यायचो, ती बरं म्हणायची. पहिल्या दिवशी त्यातल्या एकाचं शेपूट तुटलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही एक तुटक्या शेपटीचा निघाला, तिसऱ्या दिवशीही. मी पारसला कळवलं की यांच्यात शेपूट तुटण्याची साथ आलेली दिसते. तो तिकडं बराच वेळ खोकत होता.

अठरा दिवस हे चाललं. माझ्या हिशेबानं आतापर्यंत एकशे अठ्ठ्याण्णव किडे पकडून झाले होते, आणि इतके जीव एका बरणीत गुदमरतील म्हणून मी एकोणिसाव्या दिवशी गुणमालाला म्हटलं, ती बरणी आण, मोठ्या भांड्यात घालू. ती म्हणाली, बरणी तर कवाच घासून पालथी घातली. आतले कुठं आहेत? तर म्हणे टाकीत. अरे, आमच्यात पाणी गाळून पितात ना, तेव्हा फडक्यावर जे जीव राहतात ते ज्या विहिरीतलं पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायचे असतात. त्याला जिवाणी म्हणतात. माझ्या आईनं तिला ते लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. फडकं मलमलीचं, पाणी टाकीतलं, मग जिवाणी टाकीतच जाणार, असा तिचा सरळ मामला. मी म्हटलं, अगं, ते समुद्रातले जीव आहेत. ती म्हणाली, तुमी त्यांना समुद्रातनं काढलं का टाकीतनं? हे सगळं ती माझ्याकडं न बघता, खाली मान घालून शेंगा फोडत सांगत होती. म्हणजे मी अठरा दिवस तेच अकरा किडे पकडत होतो. शेपूटतुट्या मला आता ओळखतही असेल.

हा पराभव माझ्या जिव्हारी लागला. म्हटलं आता पारसच्या भरवशावर राहायचं नाही, किडा आपणच ओळखायचा. दोन दिवस पेढी नोकरावर सोडली. इंटरनेटवर एक दाढीवाला गोरा माणूस याच किड्यांविषयी तासभर बोलतो, त्याला थांबवून थांबवून चार वेळा बघितला. त्यातनं समजलं की वाईट जातीच्या डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा मांसल उंचवटा असतो. भिंग घेऊन अकराच्या अकरा तपासले. सगळ्यांची डोकी सपाट, आपल्या सरपंचांसारखी. चार वाजता फोन आला तेव्हा मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, पारस, गरीब जात आहे, मीच ओळखली, टाकीला धोका नाही, आणि आईला चिमूटभरच घालायला सांगितलंय. तो म्हणाला, हो का, बरं झालं बाबा, काळजी मिटली मग. त्या दिवशी फोन सहा मिनिटांत संपला.

तर अशी आमची फत्ते झाली. टाकी वाचली, जीवहत्या टळली, आणि तुम्हा तिघा तज्ज्ञांना मी एका भिंगात आडवं केलं, हे कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. चंद्रावहिनींना नमस्कार. गुहागरला क्रांती आणि जावईबापू यांना आशीर्वाद कळव. तू इकडं आलास की टाकी दाखवीन. हात घालू नको म्हणजे झालं.

तुझा,
भूपाल मगदूम

ता. क. : पत्र पाकिटात घातलं आणि कपाटावर राहिलं. त्याला आज दहा दिवस झाले. पारसचा फोन आला, रविवारी. जेवलात का, गोळ्या घेता का, आईला द्या. मी म्हटलं, शेपूटतुट्या बरा आहे. तो हसला, आणि फोन तीन मिनिटांत संपला. चार वाजता मी अजून पाटावर बसतो, उगीच आपली सवय.

आणखी एक ता. क. : काल टाकीखालचं कपाट आवरताना पारसची जुनी वही सापडली. तीन वर्षांपूर्वीची तारीख. एका पानावर पेन्सिलीनं त्यानं आपला किडा काढलाय, हुबेहूब, झालरीसकट. खाली त्याच्या बारीक अक्षरात लिहिलंय : डोकं सपाट, निरुपद्रवी. उरलेलं खाऊन टाकी साफ ठेवतो. काढू नये. हाताला कुसळं लागल्यास चिकटपट्टी. नाथाजी, म्हणजे पहिला फोटो बघितला तेव्हाच त्याला कळलं होतं. तेवीस दिवस तो मला मिशा मोजायला लावत बसला होता, आणि मी अतिशहाणा, भिंग काढून ओळखून मोकळा झालो.

तर आता खरं काम. तू मे महिन्यात क्रांतीकडं गुहागरला जाणार आहेस. तिथं किनाऱ्यावर लाटेनं आणून टाकलेला, कुणाच्या मालकीचा नसलेला एखादा खडबडीत दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून मला आण. फटी भरपूर असाव्यात. आत काहीतरी वळवळणारं असावं, आणि त्याचं नाव तिथल्या कोळ्यालाही सांगता येऊ नये. तू म्हणशील, एवढं कशाला, सरळ तूच फोन लाव की. लावीन रं. पण लावून म्हणायचं काय? तुझ्यावाचून इथं काही अडत नाही, असं मीच त्याला स्टँडवर सांगितलंय. हे पान घरी कुणाला दाखवू नको.

नाथाजी भावजी, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. पहिली बरणी मी जिवाणी म्हणून टाकीत ओतली हे खरं हाय. पुढच्या सतरा कशासाठी ओतल्या ते यांना सांगू नका. दगडबिगड काही आणू नका. आज चारला मीच फोन लावून यांच्या हातात देणार हाय, आणि करमत न्हाई म्हणून सांगा म्हणणार हाय. तेवढं एक वाक्य जमलं तर बास. वहिनींच्या पायाला हळद लावा. – गुणमाला
(त्यातनंही आणलाच, तर दगड जरा मोठा बघा.)